दहा मिनिटे वजा

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या आत, शिक्षण नववी पास व पुढचे अनुभवाने, धंदा अर्ज-विनंत्या लिहिणे, राहणार परंडा. गैरअर्जदार : शेजारच्या तालुक्यातील एका कार्यालयाच्या भिंतीवरचे घड्याळ, आणि ते खोटे आहे हे जाणूनही त्यावर कारभार हाकणारी माणसे. तारीख : यंदा हुरड्याचे दिवस सरत असतानाचा एक सोमवार. साक्षीदार : पहिला, माझ्या शेजारचा चहावाला, जो पुढे फितूर झाला, दुसरी, एक विधवा मावशी, जिचे या सर्वांत नुकसान झाले. नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. ज्याचे त्याला कळेल.

मला विजेवर चालणारी जुनी भिंतीवरची घड्याळे जमवण्याचा नाद आहे. चावीची नव्हेत, सेलचीही नव्हेत. थेट बोर्डात पिन घालून चालणारी. त्यांचा सेकंदकाटा टकटक करत नाही, तेलावरून सरकावा तसा सरकतो. काहींना वीज आल्यावर पाठीमागची गुंडी बोटाने फिरवून द्यावी लागते, तेव्हा ती जागी होतात. बंद पडलेल्या टॉकीजमधून, गिरणीतून, ढोकीच्या रस्त्यावरील भंगाराच्या दुकानातून मी ती उचलून आणली. घरात जागा उरली नाही. मंडळी म्हणतात, "एवढी घड्याळं घरात, आन् जेवायला कधी येळेवर आलाव का?" या आरोपास माझ्याकडे उत्तर आहे, परंतु ते येथे अप्रस्तुत आहे.

यांपैकी सर्वांत मोठे, ताटाएवढ्या पांढऱ्या तबकडीचे घड्याळ मी एस्टी थांब्याजवळ मी अर्ज लिहायला बसतो त्या जागेच्या वर, चहावाल्याच्या भिंतीला, रस्त्याकडे तोंड करून टांगले. वीज गेली की असले घड्याळ जागेवर थांबते आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चालू लागते. म्हणजे तेवढे मागे पडते. म्हणून मी एक शिस्त घालून घेतली. वीज गेली की स्टुलावर चढून तबकडीवर उपरणे टाकायचे. वीज आली की मोबाईल पाहून काटे लावायचे आणि मगच उपरणे काढायचे. चुकीची वेळ क्षणभरही लोकांना दिसता कामा नये. येणारे-जाणारे टिंगल करत, "वकीलसाब, घड्याळाला सुतक पडलं काय?" मी वकील नाही हे त्यांना माहीत आहे.

आता मूळ तक्रारीकडे येतो. आमच्या भागात माझे सोडून एकही घड्याळ खरे बोलत नाही. घरोघरचे दहा मिनिटे पुढे, न्हाव्याचे पुढे, शाळेचे पुढे. माणसाने घाई करावी म्हणून ते पुढे ठेवायचे. आणि पुढे आहे हे ठाऊक असल्यामुळे माणसाने मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करून निवांत बसायचे. हा हिशेब इतका अंगवळणी पडला आहे की भिंतीवर काटे दिसले की वजाबाकी आपोआप होते.

शेजारच्या तालुक्यातल्या शेतात जायची मावशींची वाट भावकीने बाभळीचे काटे टाकून अडवली होती. ज्वारी काढणीला येत होती. वाट मोकळी झाली नाही तर बैलगाडी आत जाणार नव्हती आणि कणसे रानातच राहणार होती. तिथल्या कार्यालयासाठी अर्ज मी लिहिला, तारीख लागली. अकराला पुकारा. मी त्यांना बजावले की सकाळी माझ्या घड्याळाखाली येऊन बसा, नऊच्या एस्टीने दोघे जाऊ. त्या आल्या. मी एका इसमाचे प्रतिज्ञापत्र पुरे करत होतो. नऊ वाजत आले तसे मावशींनी घड्याळाकडे बोट करून चहावाल्याला विचारले, "निघावं का ओ आता?"

"बसा की निवांत मावशी. च्या घ्या. घड्याळ म्हणलं की धा मिनिटं पुढंच असतंय."

मी मान वर केली तोवर एस्टी वळणावर होती.

मग माणसे कोंबून नेणारी वडापची जीप धरली. मावशी वाटभर पदर मुठीत धरून बसल्या होत्या. तरीही आम्ही त्या कार्यालयाचा जिना चढलो तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये अकराला दोन मिनिटे कमी होती. वरून भावकीची माणसे हसत उतरत होती. आत भिंतीवर अकरा वाजून आठ मिनिटे झाली होती. पुकारा होऊन गेला होता. मावशी गैरहजर, अर्ज निकाली.

मी दारावरच्या शिपायाला म्हणालो, "अकरा अजून वाजायचे आहेत. तुमचे घड्याळ पुढे आहे."

"व्हय की. पुढंच ठिवलंय. मान्सं येळेवर यावीत म्हणून. समद्यांला म्हाईत हाय."

"सर्वांना माहीत आहे, तर पुकारा करताना दहा मिनिटे वजा का केली नाहीत?"

"आमी कशाला वजा करावं? वजा तुमी करायचं."

हे वाक्य ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे घड्याळ खरे होते, त्यातून दहा मिनिटे वजा झाली म्हणून एस्टी गेली. जे खोटे होते, त्यातून ती वजा झाली नाहीत म्हणून तारीख गेली. दोन्ही वेळा फटका त्याच बाईला बसला, आणि दोन्ही वेळा कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही!

परत आल्यावर चहावाला उलट माझ्यावरच उखडला. "एक तर धा मिनिटं पुढं करा, न्हाय तर उतरवा. भिंत माझी हाय. गिऱ्हाईक एस्टी चुकवायलेत." मी पाटी लावली : हे घड्याळ बरोबर आहे, वजा करू नये. पहिल्याच दिवशी एकाने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "खरं असतं तर पाटी कशाला लागली असती?"

मावशींनीही हळूच सांगितले, "दादा, राग धरू नका. समद्यांचं एक, तुमचं एक. आमी कोणतं धरावं? तुमचंबी करा की पुढं." चहावाल्याचे बोलणे मी झटकले होते. हे झटकता आले नाही.

पुन्हा सुनावणी मिळावी म्हणून अर्ज करायचा होता. अशा अर्जात गैरहजेरीचे कारण 'आजारपण' असे लिहितात आणि ते मंजूर होते, ही रीत आहे. मी तसे मावशींना समजावले. त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरली न्हवती. अकराच्या आदी जिना चढले मी. तसंच लिव्हा." आणि कागद कोरा असतानाच अंगठा पुढे केला.

तसेच लिहिले आहे. घड्याळ अजून भिंतीवर आहे, बरोबर आहे, आणि चहावाला माझ्याशी बोलत नाही.

सबब, मागणे असे की, सदर मावशी त्या दिवशी वेळेपूर्वी हजर होत्या असे धरावे. ज्वारी वाळून गळण्याआधीची तारीख त्यांना द्यावी. कार्यालयाचे घड्याळ बरोबर लावावे, अथवा बरोबर लावता येत नसल्यास त्यावर उपरणे टाकावे. उत्तर लेखी मिळावे. त्यावर तारखेबरोबर वेळही घालावी, आणि ती घालताना कृपया भिंतीकडे पाहू नये.