कंपनी बुडाली, गाडी चालूच

इनायत वकील जागा पाहिल्याशिवाय वकीलपत्र घेत नसत. बांधाचं भांडण असो की भिंतीचं, आधी तिथं जाऊन उभे राहत. म्हणत, "कागद धाराशिवात लिहितात, पन घडलेलं असतंय तिकडं."

मी त्यांना ओळखलं ते विरुद्ध बाजूला उभं राहून. निजामाच्या अखेरच्या वर्षांत तेरजवळच्या दगडखाणीतून माल नेणारी एक छोटी खासगी रेल्वे होती. तिची कंपनी बुडाली, तेव्हा कोर्टानं गाडी चालू ठेवून कारभार पाहायला रिसीव्हर नेमला. त्यानं खर्च वाचवायला फाटकावरचा माणूस काढला. महिनाभरात, मेंढरं पलीकडं नेताना, धोंडाबाई धनगरणीचा पाय गाडीखाली गेला. इनायत वकील फाटकावर गेले, तर फाटकवाल्याच्या रिकाम्या झोपडीत शेळ्या बसलेल्या. त्यांनी भरपाईचा दावा लावला. रिसीव्हरचा वकील म्हणून मी उभा होतो.

माझं म्हणणं सोपं होतं. कंपनीत काही उरलं नाही, आणि रिसीव्हर म्हणजे कोर्टाचाच माणूस. त्याच्यावर दावा कसा चालेल? खालच्या कोर्टात मी जिंकलो. बाहेर लिंबाखाली धोंडाबाईनं इनायत वकिलांना विचारलं, "सायेब, म्हंजी मला कुनीच न्हाय पाडलं व्हय?"

मी मान खाली घातली. इनायत वकील म्हणाले, "पाडलंय, बाई. कोन, ते हैदराबादेत विचारू."

तिथल्या वरच्या कोर्टात ते उर्दूत मोजकंच बोलले. "हुजूर, कंपनी मेली, कबूल. मग इंजिनाला हुकूम कोण देत होतं?" फैसला झाला : जो गाडी चालवतो, माणसं सांभाळण्याची जबाबदारी त्याचीच. भरपाई गाडीच्या उत्पन्नातून, कंपनीला कर्ज दिलेल्या सावकारांच्या आधी द्यावी. फाटकावर माणूसही परत आला.

परतताना मोटारीत मी विचारलं, "माझा राग नाही आला?"

"कशाचा? तुमी लई नेटानं भांडला. कच्च्या वकिलाला हरवून मिळालेला इन्साफ टिकत न्हाय."

काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. तेव्हा एका बुडालेल्या, रिसीव्हर चालवत असलेल्या कापसाच्या जिनिंगमधला, बोटं तुटलेला कामगार माझ्याकडं आला. म्हणाला, "इनायतसाहेबांनी धाडलंय. त्यो फैसला तुमच्याएवढा कुनालाच ठावा न्हाय म्हनले."

खरंच होतं. हरलेल्या खटल्याचा फैसला माणसाला पाठ होतो.

तो खटला मी जिंकलो आणि तसाच त्यांच्या घरी गेलो. ते उशीला टेकून उठून बसले, मला जवळ बसवलं.

"आता तुमी बोला," म्हणाले, "म्या ऐकतो. पहिल्यापासून सांगा, काय गाळू नका."