दार वाढलं

देवावर तुमची श्रद्धा आहे का, असं मला कोणी विचारलं तर मी "आमच्या आईंना विचारा" असं सांगत असे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या वारज्याच्या घरात देवाचं खातं त्यांच्याकडे, हौसेचं खातं माझ्या नवऱ्याकडे, अरविंदकडे, आणि काळजीचं माझ्याकडे. काळजी हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. गाड्यांच्या चाचण्या जिथे होतात अशा ठिकाणी मी नोकरी करते आणि माझ्या वाट्याला बाजूने बसणाऱ्या धडका आल्या आहेत. एक जड ट्रॉली वेगाने आणून उभ्या गाडीच्या कुशीत घालायची आणि आत बसवलेल्या पुतळ्याच्या बरगड्यांचं, कमरेचं काय झालं ते मोजायचं. समोरून धडक बसली तर माणसाच्या पुढे बॉनेट असतं, इंजिन असतं. बाजूने एक दार असतं आणि दारापासून माणसापर्यंत वीतभर जागा. हे इतकी वर्षं पाहिल्यावर मी रिक्षात बसले तरी मधोमध बसते.

आणि माझ्याच नवऱ्याने निवृत्त झाल्यावर काय घ्यावं, तर जुनी उघडी जीप. समोर काच, वर ताडपत्रीचं छप्पर, दोन्ही बाजू मोकळ्या. डोंगरात, चिखलात, नदीच्या पात्रात कुठेही जाते, असं तो सगळ्यांना सांगे. जाते खरी, पण जायचं असतं ते बहुतेक मंडईत. पट्टे मी हट्टाने बसवून घेतले. दारांचं मात्र तो ऐकेना. मग त्याच्या साठीला मी एका फॅब्रिकेटरकडून दोन लोखंडी दारं करून घेतली, आतून आडवा पाइप टाकलेली, मूळ बिजागऱ्यांवर बसणारी. मोठी मायेची भेट होती ती. त्याने बघितलं आणि म्हणाला, जीपला दारं लावणं म्हणजे पोहताना स्वेटर घालणं. दारं गॅलरीत गेली. आईंनी त्यांवर कुरडया वाळत घातल्या.

आमची कुलदेवी लोणी काळभोरच्या पुढे एका खेड्यात आहे. घटस्थापनेला तिच्या गाभाऱ्यातल्या समईवरून दिवा लावून घ्यायचा आणि त्याच ज्योतीने घरचा नंदादीप लावायचा, अशी आईंची पद्धत. आधीच्या वर्षी तो दिवा वाटेतच गेला होता. घरी आल्यावर मी सहज म्हटलं, दिवा विझला. आई म्हणाल्या, "विझला म्हणू नये. शांत झाला म्हणावं." एवढंच बोलल्या, पण ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. वर्षभर घरात कोणाला ताप आला, कोणाचं काही हरवलं, की त्या गप्प होत आणि मला कळे की दिव्याचाच विचार चालला आहे. या वर्षी दिवा घरी पोचलाच पाहिजे होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने याहून काही मागितलेलं नव्हतं.

म्हणून मीही कंबर कसली. कंदील चालणार नव्हता, कारण देवीला रॉकेल चालत नाही. मी एका पत्र्याच्या डब्यात वाळू भरली, त्यात पितळी दिवा रोवला आणि भोवती कंदिलाची काच उभी केली. गाडीत उघडी ज्योत नेण्याची कल्पना माझ्या पेशाला शोभणारी नव्हती, पण निदान वाळू तरी माझी होती. सकाळी निघालो. आई पुढे डावीकडे, अरविंद चालवायला, मी मागे. माझ्या पायाशी ती दोन दारं. होय, अरविंदने ती विकायला काढली होती. लोणीचा कोणी एक माणूस घेणार होता आणि हमरस्त्यावर भेटणार होता. स्वतःच दिलेल्या भेटीवर पाय ठेवून मी देवदर्शनाला चालले होते, तेव्हा माझं तोंड कसं असेल ते सांगायला नको. तो माणूस काही आला नाही. फोनही बंद. परतताना बघू, असं म्हणून आम्ही पुढे गेलो.

दर्शन झालं, ओटी भरली, पुजाऱ्यांनी समईवरून ज्योत दिली. कमान ओलांडून शंभर पावलंही झाली नसतील, बाजूने वारा शिरला आणि दिवा गेला. परत फिरलो. पुजाऱ्यांनी न कुरकुरता पुन्हा लावून दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दिवा घेऊन जीपपाशी आलो तेव्हा आईंचा चेहरा मला बघवेना. त्या काचेभोवती पदर धरून उभ्या होत्या. बाजूलाच ओटीचं सामान विकणारी एक बाई बसली होती. नारळ रचता रचता तिने आमची ये-जा पाहिली असावी. ती उठून आली, जीपमध्ये मागे डोकावली आणि अरविंदला म्हणाली, "दारं हायती की मागं. लावा की मग. दिव्याला वारं सोसतंय व्हय?"

अरविंदला मी तीन वर्षं आकडे सांगितले होते, चित्रफिती दाखवल्या होत्या. त्यातलं काही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. या वेळी तो लगेच दारं काढू लागला. आईचा दिवा होता ना. डावं दार बिजागरीत बसेना, तेव्हा त्या बाईने खालून खांदा दिला, दार खिळीत उतरलं आणि ती पदराला हात पुसत गिऱ्हाइकाकडे गेली. आम्ही निघालो. ज्योत सरळ उभी होती. आई काचेकडे बघत हलक्या आवाजात स्तोत्र म्हणत होत्या आणि मागे बसून मी, खरं सांगते, माझी दारं अखेर लागली म्हणून खूश होते. देवीचा विचारही माझ्या मनात नव्हता.

कात्रजच्या पुढे आम्ही सर्व्हिस रोडला होतो. डावीकडच्या उताराच्या गल्लीतून फरशी भरलेला एक टेम्पो आला. ब्रेक लागले नाहीत, असं त्याचा ड्रायव्हर नंतर रडत सांगत होता. मी तो येताना पाहिला. कुठे लागणार तेही मला दिसलं, कारण ते बघायचाच मला पगार मिळतो. टेम्पोचा बंपर नेमका आईंच्या कमरेच्या उंचीला होता. मला ओरडायलाही सुचलं नाही. त्याच क्षणी दिव्याची ज्योत थोडी हलली असावी, कारण आई दोन सीटांच्या मध्ये ठेवलेल्या डब्यावर वाकल्या आणि उजव्या हाताचा आडोसा करून काचेवर झुकल्या. म्हणजे दारापासून दूर. मग आवाज झाला आणि जीप आडवी सरकत दुभाजकाला जाऊन टेकली.

धूळ बसल्यावर मी पुढे वाकून पाहिलं. दार चांगलं वीतभर आत आलं होतं. पाइप वाकला होता, पण तुटला नव्हता, आणि आई सरळ बसल्या असत्या तर जिथे त्यांची कंबर असती तिथवर पत्रा आला होता. त्या तिथे नव्हत्या. त्या डब्यावर ओणव्या होत्या, पट्टा पोटाशी घट्ट, डावं मनगट वाकडं झालेलं. काच फुटली होती आणि तेल वाळूत जिरलं होतं. आईंनी डोळे उघडून मला विचारलं, "दिवा?" मला रडू फुटलं. लोक धावत आले, कोणी पाणी दिलं, एका रिक्षावाल्याने आम्हाला दवाखान्यात पोचवलं आणि अरविंद पाकीट काढेपर्यंत तो निघूनही गेला.

मनगटाचं हाड मोडलं होतं, बरगड्यांना मुका मार होता. एक रात्र ठेवून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले. अरविंद पायथ्याशी उभा होता आणि आईची पावलं चोळत होता, जणू मार पावलांनाच लागला होता. इतकी वर्षं "मी सांगितलं होतं" हे वाक्य मी जपून ठेवलं होतं, पण ते वापरायची इच्छाच उरली नाही. मी आईंच्या उशाशी बसले आणि घाबरत म्हटलं, आई, दिवा या वर्षीही शांत झाला.

आई छताकडे बघत म्हणाल्या, "दिवा शांत झाला, मी नाही झाले. कळतंय का तुला?" मला कळलं. आमच्याकडे दिव्याला आणि माणसाला तो शब्द एकच. मी मान हलवली आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, दार मात्र पार मोडलं. तशा त्या माझ्याकडे वळल्या. स्वतःच्या मनगटाला दिवसभर मोडलं मोडलं म्हणणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "मोडलं म्हणू नये. वाढलं म्हण. नारळ वाढवतो ना देवीपुढे, तसं." आणि मग घरी जाऊन काडी ओढून दिवा लाव, तूच लाव, घटाचं बाकी शेजारच्या वहिनी सांगतील, असं बजावून त्यांनी डोळे मिटले.

मी घरी गेले. काडेपेटी ओट्यावरचीच, गॅसची. मुहूर्त कधीच टळला होता. मी वात सारखी केली, तेल घातलं, काडी ओढली. काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं म्हणून मी नुसतं "आई वाचल्या" एवढंच म्हटलं. ते देवीला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे. अरविंद कपडे न्यायला आला होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. लोणीचा तो माणूस होता. सकाळी अडचण झाली, दारं आहेत ना अजून, असं विचारत होता. अरविंद दिव्याकडे बघत म्हणाला, "एक वाढलं. दुसरं द्यायचं नाही." समोरच्याला काय कळलं असेल ते तोच जाणे.

सातव्या माळेला मी एकटी त्या गावी गेले. ओटीवाली बाई तिथेच होती. तिला साडी दिली, सगळं सांगितलं. तिला आम्ही आठवतही नव्हतो. "नवरात्रात लई गाड्या येत्यात, ताई," म्हणाली आणि साडीचा पोत बघू लागली. मला तिच्यात काही तेज वगैरे दिसलं नाही. आणि ते मला बरं वाटलं. दार मी करून घेतलं होतं, पाइपची जाडी मी ठरवली होती, ते माझं काम होतं आणि ते मी पुढेही मन लावून करीन. पण तो माणूस त्या सकाळी आला असता तर दारं गेली असती. दिवा पहिल्याच खेपेला टिकला असता तर ती लागलीच नसती. ज्योत हलली नसती तर आई वाकल्या नसत्या. हे मी जुळवलेलं नाही. ज्याने जुळवलं त्याला नाव देण्याचा अधिकार आईंचा आहे, माझा फक्त नमस्कार.

दसऱ्याला गाड्यांची पूजा असते. जीप गॅरेजमध्ये होती, म्हणून अरविंदने ते वाकलेलं दार आणून पार्किंगमध्ये भिंतीला टेकवलं. आई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खाली आल्या आणि चांगल्या हाताने त्यांनी पत्र्याच्या खड्ड्यात हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. सोसायटीतले दोघं-तिघं हसले, आपल्याकडे हसतातच. आईंनी नारळ माझ्या हातात दिला. इतकी वर्षं तो मान अरविंदचा असे. मी एकदा दाराकडे पाहिलं, मग आईंकडे, आणि नारळ वाढवला.