बाराव्या ओळीचं कारण

रशीद शेख सरांना मी प्रथम पाहिलं तेव्हा ते टेबलाखाली होते. वैजापूरहून सकाळच्या एसटीनं मी इथल्या महाविद्यालयाच्या संगणक विभागात रुजू व्हायला आले होते. टेबलाखालून आवाज आला, "कोन हाय? जरा ती निळी वायर वर वढा बेटा." मी ओढली. हेच विभागप्रमुख, हे मला चहा होईपर्यंत कळलं नव्हतं.

सरांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. लेख प्रसन्न असावा, असं गौरवग्रंथाच्या संपादकांनी बजावलं आहे. ते माझ्याच्यानं होणार नाही, आधीच सांगते.

सरांचं मोठं काम बाहेरच्या कुणाला कधी दिसलं नाही. महाविद्यालयाचं संकेतस्थळ जुन्या वेब सर्व्हरवर चालत होतं. पुढं निकाल ऑनलाइन द्यायचं ठरलं, त्यासाठी प्रत्येकाच्या निकालाचं पान तयार करणारं सर्व्हलेट इंजिन आणलं, आणि दोघांना जोडायला तिसऱ्याच कंपनीचं प्लगइन. तिघांची तोंडं तीन दिशांना. सरांनी मला कागदावर हॉटेल काढून समजावलं होतं: वेब सर्व्हर म्हणजे गल्ल्यावरचा मालक, इंजिन म्हणजे भटारखाना आणि प्लगइन म्हणजे मधला वेटर. "हा वेटर ना मालकाचा, ना आचाऱ्याचा. त्याच्यावर लई नजर ठेवाय लागती." या वेटरला शिस्त लावायला सरांनी प्लगइनच्या फाइलीत बारा ओळी घातल्या होत्या. प्रत्येक ओळीवर एकच टीप: 'काढू नये. कारण मला विचारा. र. शे.'

कारण तिथंच लिहायला काय होतं, म्हणून मी वैतागायचे. सर म्हणायचे, "लिवलेलं कुनी वाचत नाय. इचारलं की बसनं-बोलनं होतं, चहा होतो, ध्यानात ऱ्हातं." गौरवलेखात दोष काढू नयेत म्हणतात, पण सरांचा हा हट्ट चुकीचा होता.

माझी चूक मात्र त्याहून मोठी. नवी असताना मी त्यातली एक ओळ न विचारता काढली, फालतू वाटली म्हणून. निकालाच्या गर्दीत वेटरनं एका टेबलाची थाळी दुसऱ्या टेबलावर नेली. त्या पानावर तेव्हा नाव येत नसे, नुसते गुण. बिडकीनच्या एका मुलीला दुसऱ्याच कुणाचे नापासाचे गुण दिसले. दोन दिवस ती जेवली नव्हती. प्राचार्यांसमोर सर म्हणाले, "चूक माझी." मग मला घेऊन ते बसनं बिडकीनला गेले आणि मुलीच्या वडिलांसमोर खरी गुणपत्रिका विषयवार मोठ्यानं वाचून दाखवली. परतताना रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "हात लावायच्या आधी कॉपी काढली व्हती का?" काढली नव्हती. त्यानंतर कॉपी काढल्याशिवाय मी कशालाही हात लावलेला नाही.

पुढं अकरा ओळींची कारणं मी विचारून घेतली आणि वहीत उतरवली. बारावी राहिली. सर निवृत्त झाले तरी इथंच शहागंजात तर आहेत, कुठं पळून जातात, असं म्हणत मी वर्षं घालवली.

आता यंत्र बदलायचं आहे आणि प्लगइनची नवी आवृत्ती बारावी ओळ स्वीकारतच नाही. चाचणीत ती काढून पाहिली तर काहीच बिघडलं नाही. मला भीती त्याचीच वाटते. बिडकीनच्या वेळीही गर्दी होईपर्यंत सगळं सुरळीतच होतं.

म्हणून दौलताबादची सीताफळं घेऊन मी सरांकडे गेले. त्यांना अलीकडे विसरायला होतं, हे कानावर होतं. किती, ते ठाऊक नव्हतं. त्यांनी माझं नाव दोनदा विचारलं. बारा ओळी टिपांसकट छापून आणलेला कागद मी पुढं ठेवला. चष्मा लावून सरांनी तो खूप वेळ वाचला.

"हे र. शे. कोन?"

सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी म्हटलं, "आमचे सर."

"मग त्यांनाच इचारा ना बेटा. बसवून सांगतील. चांगला मानूस दिसतो."

निघताना दारात भाभी म्हणाल्या, "छुपाना क्या है, लिखो तुम. लोक भेटायला तरी येतील." त्यांनी सांगितलं म्हणूनच हे लिहिलं आहे. रिक्षात मी रडले. एवढं शहाणपण एकाच माणसाच्या डोक्यात ठेवून आम्ही सगळे निवांत चहा पीत बसलो. ते आता कुठल्याही यंत्रातून परत मिळणार नाही.

बारावी ओळ मी काल काढली. तिच्या जागी लिहिलं: 'इथं र. शे. यांची ओळ होती. कारण विचारायचं राहिलं. सु. जा.' उन्हाळ्यात निकाल लागेल तेव्हा कुणाची थाळी कुणापुढं जाईल, मला सांगता येत नाही. गेलीच, तर त्या घरी मी जाईन.

सरांना पुष्कळ आयुष्य मिळो, हातपाय धड राहोत, भाभींची सोबत असो. याहून जास्त काही मागायचा धीर आता होत नाही. हा ग्रंथ त्यांच्या हाती पडेल तेव्हा कुणीतरी हा लेख त्यांना वाचून दाखवेल. त्यांनी विचारलंच, तर सांगा, आधी कॉपी काढली होती.