मानसिंगचा ढेकर

इस्लामपूरजवळच्या एका गावात लष्करातून पेन्शनीवर आलेला मानसिंग राहायचा. आयुष्यभर ट्रक चालवला आणि तोंड मिटून चालवला. बायको साळूबाईशीसुद्धा हूं आणि न्हाई यापलीकडं त्याचं बोलणं फारसं जायचं नाही. पण जेवण झालं की असा दणदणीत ढेकर द्यायचा की भिंतीपलीकडून शेजारची धोंडुबाई म्हणायची, "जेवलं गं बाई मानसिंग भावजी!"

साळूबाईला त्या ढेकराचंच मोल. नवरा बाहेर सोप्यात जेवायचा, ती आत चुलीपाशी. ढेकर कानावर आला की समजायचं, पोट भरलं, कालवण जमलं. मग ती तवा उतरवायची आणि स्वतःचं ताट वाढून घ्यायची. लग्न झाल्यापासून तिच्या हाताला एवढीच शाबासकी मिळत आली होती, आणि तिला ती पुरायची.

पुढं मानसिंगच्या छातीत आग पडायला लागली. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायचा. औषधांनी हात टेकले. शेवटी, एकाहत्तरच्या लढाईनंतर दोनेक वर्षांनी, सांगलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. गळ्याला मफलर गुंडाळावा तसा जठराचा वरचा भाग अन्ननळीभोवती पुरता गुंडाळून शिवून टाकला.

आग गेली. पण तिच्याबरोबर ढेकरही गेला.

पेज आणि मऊ भातावर होता तोवर कुणाच्या ध्यानात आलं नाही. भाकरी सुरू झाली आणि घोटाळा झाला. मानसिंगचं पोट फुगायचं, वारा वर येऊन अडायचा. आत साळूबाई कान लावून बसलेली. ढेकर नाही म्हणजे पोट भरलं नाही, म्हणून ती आणखी अर्धी भाकरी आणून वाढायची. ताटात टाकायचं नाही ही लष्कराची शिस्त. बहाद्दर मुकाट्यानं खायचा आणि मग छाती धरून अंगणात येरझाऱ्या घालायचा. ते बघून साळूबाईला वाटायचं, आपलंच कालवण बिघडलं. मग तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

अशात मलकापूरहून तिचा भाऊ लालासाहेब आला. तो तिकडं एका दवाखान्यात कंपाउंडर. सगळं ऐकून म्हणाला, "दाजी, आमचं डॉक्टर नळीला अर्धाच येढा देत्यात. मानूस ढेकर देतो झकास. तुमच्या डॉक्टरनं पुरा कशाला दिला?"

झालं! मानसिंगच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दुसऱ्या दिवशी साळूबाईला घेऊन त्यानं सांगलीची एसटी धरली.

"उसवून टाका हे," तो डॉक्टरांना म्हणाला. "अर्धा येढा द्यायचा तर पुरा दिलात."

डॉक्टर चिडले नाहीत. "अर्धा देता आला असता. पण तुमची नळी आतून पार सोलवटली होती. अर्धा टिकेल असं मला वाटलं नाही. माझंच बरोबर होतं अशी शपथ मी घेणार नाही. पण उसवलं आणि आग परत आली तर? आणि पोट इतकं फुगतं कशानं? थोडं थोडं खाताय ना?"

"ही वाढती," मानसिंग म्हणाला.

तेव्हा दाराशी उभी असलेली साळूबाई पुढं झाली. "आवं डॉक्टरसायेब, ढेकर आल्याबगार मला कसं कळायचं, ह्यांचं प्वाट भरलं म्हनून? आन ह्यांचं भरल्याबगार मी तरी कशी जेवू?"

मानसिंगनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. इतके दिवस तो मनात आपल्याच पोटाचं रडगाणं गात बसला होता. त्याला स्वतःची फार लाज वाटली. उसवायचं पुन्हा त्यानं काढलं नाही. पुरा वेढा बरोबर की अर्धा, हा किडा मात्र डोक्यातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला. एक भाकरी झाली. साळूबाई दुसरी घेऊन आली, तसा त्यानं ताटावर आडवा हात धरला. दोनदा खाकरला. कपाळावर घाम आला.

"आगं, प्वाट भरलं," तो म्हणाला. "वांगं लय झ्याक झालंय. तू जेव आता."

ती आत गेली. तवा उतरल्याचा आवाज आला. मग ती आपलं ताट घेऊन बाहेर आली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्यासमोर सोप्यात बसली. डोळ्यांना पदर लावला, एक घास खाल्ला.

"परत म्हना की."

"काय?"

"त्येच. वांग्याचं."