गारेगारने आणलेलं इन्सुलिन

गल्लीत सगळे त्याला गारेगार म्हणत. आइस्क्रीमच्या गाडीवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? "एक वेळ मी वितळेन, माझा माल नाही," ही त्याची फुशारकी, आणि ती खोटीही नव्हती. एरवी मुलखाचा बडबड्या, पण ताईपुढे गप्प. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं.

लढाई सुरू झाल्यावर आइस्क्रीम कोण खातंय! आधी वीज गेली, मग पुलापलीकडून येणाऱ्या औषधांच्या गाड्या बंद झाल्या. ताईला लहानपणापासून मधुमेह, सगळा जीव इन्सुलिनवर. तिची शेवटची बाटली तळाला लागली, तसा तो औषधाचं दुकान चालवणाऱ्या मावशींपुढे जाऊन उभा राहिला.

"पलीकडच्या गोदामात माल आहे रे," मावशी म्हणाल्या, "पण तो गार ठेवून आणणार कोण?"

"मावशी, हे तुम्ही मला विचारताय?"

गोदामातली सूचना छापलेली खोकी संपली होती. तिथल्या माणसाने बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या, "गार ठेव" म्हणाला आणि दार लावून घेतलं. परतीच्या वाटेवर चौकीमागून चौकी. बंदूकवाले सावलीत सिगारेटी फुंकत बसायचे, गाडी मात्र उन्हात. गारेगार सारखा झाकणाला हात लावून बघायचा. माल बिघडला तर ताईला काय तोंड दाखवू? दर चौकीवर तो गाडीच्या इंजिनावर चालणाऱ्या पेटीची थंडी आणखी वाढवत गेला. आइस्क्रीमवाल्याला धास्ती असते ती उन्हाची. थंडी जास्त होऊ शकते, हे त्याच्या डोक्यात येतच नाही. तो पार झाला आणि त्याच्यामागे पूल बंद केला गेला.

गल्लीच्या तोंडाशी त्याने घंटा वाजवली. माणसं धावत आली. ताईही भिंत धरून धरून आली. त्याने ऐटीत झाकण उघडलं. मावशींनी एक बाटली कागदातून सोडवून उजेडात धरली. आत बर्फ होता. दुसरी काढली, तिच्यातही बर्फच.

"बघा, कशी कडक ठेवलीय!" तो म्हणाला.

मावशींनी बाटली परत कागदात गुंडाळली. "अरे, इन्सुलिन गोठलं की फुकट जातं. माझंच चुकलं. मी तुला सांगायला हवं होतं."

"वितळेल की हो. उन्हात ठेवतो."

"वितळेल. पण औषध राहणार नाही."

माणसं एकेक करून परतली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चल घरी. जेवला नसशील."

पुढे तिला तहान लागायला लागली, ती काही केल्या भागेना. "गार दे रे काहीतरी," ती म्हणायची. तो गाडीतला बर्फ आणून तिच्या ओठांवर फिरवत बसायचा. तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं, आणि ते करताना तो लहान मुलासारखा रडायचा.

ताई गेली तेव्हा गाडीत अजून बराच बर्फ शिल्लक होता.