सूर कोण देणार

आमच्या बँडमध्ये सूर द्यायचा मान माझ्या मोठ्या भावाचा. दादा क्लॅरिनेट वाजवायचा, मी ट्रंपेट. वरातीला कितीही उशीर होवो, नवरदेव घोडीवर बसून घामाघूम होवो, आधी दादा एक लांब सूर धरणार, आम्ही आपापली वाद्यं त्याच्याशी जुळवणार आणि मगच पहिलं गाणं. त्याआधी कोणी नुसती फुंकर मारली तरी दादा डोळे वटारायचा. वडिलांच्या वेळेपासूनची ही रीत. डीजेवाल्यांना ही भानगड नाही. बटन दाबलं की अख्खं यवतमाळ हादरतं. जाऊ द्या, त्यांच्यावर बोलायला लागलो की मी थांबत नाही.

एकदा माझ्या मुलीने मोबाइलवर परदेशातल्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा व्हिडिओ दाखवला. एवढी मोठी फौज, सगळे काळ्या कोटात, आणि सुरू करण्याआधी गप्प. मग सनईच्या जातीच्या एका वाद्याने सूर धरला आणि बाकीचे त्याच्याशी जुळवायला लागले. खाटेवर पडलेला दादा उठून बसला. "पाह्य, आपल्यावानीच हाय न बे हे."

मुलीने वाचून सांगितलं, त्या वाद्याचा सूर सहजी वरखाली करता येत नाही, म्हणून बाकीच्यांनीच त्याच्याशी जुळवून घ्यायचं, अशी तिकडे गोष्ट सांगतात. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे तुमच्यासारखंच. सारं घर तुमच्याशी जुळवून घेते." दादा हसला. त्याला ते आवडलं होतं.

त्या सिंफनीतला एक संथ तुकडा त्याच्या मनात भरला. ऐकून ऐकून त्याने तो बसवला, आम्हाला शिकवला आणि केळापूरच्या एका लग्नात वाजवलासुद्धा. नवरदेवाचा मामा धावत आला. "वरात हाय का मयत? कायले रडवून राह्यले लोकायले?" आम्ही मुकाट्याने नाचाचं गाणं धरलं. परतताना टेम्पोत दादा म्हणाला, "लग्नात नाही चालत तं नाही. माह्या मयतीत वाजवजा. तिथं कोनाचा मामा अडवत नाही." आम्ही खो खो हसलो. सगळ्यात जास्त मीच.

गेल्या हिवाळ्यात दादाच्या छातीने दगा दिला. क्लॅरिनेट राहू द्या, चहावर फुंकर मारायलाही दम पुरेना. दवाखान्यात माझा हात धरून त्याने विचारलं, "ध्यानात हाय न, काय वाजवाचं?" मी खेकसलो, "चूप राय. घरी गेल्यावर तूच वाजवजो." त्याच आठवड्यात दादा गेला.

बँड तर डीजेपायी केव्हाच मोडला होता. फोनवर फोन केले. ते मोठं पितळी युफोनियम वाजवणारा फुलसावंगीचा गडी कापसाची वेचणी सोडून पहिल्या एसटीने आला. ढोलवाल्याने आपला ऑटो दारातच उभा केला. जुने लाल कोट कोणाच्याच अंगात मावेनात. मला एकच धास्ती होती, तो तुकडा आठवेल का? माणसाने एवढं एकच मागितलं होतं. अंगणाच्या कडेला उभं राहून आम्ही नुसती बोटं चालवून पाहिली. बोटांना सगळं आठवत होतं.

तिरडी बांधून झाली. आम्ही वाद्यं तोंडाला लावली आणि थांबलो. सगळेच. ढोलवाल्याची काठी वरच्या वर राहिली. मला वाटलं, कोणीतरी विसरला. मग पाहिलं तर सगळ्यांच्या नजरा माझ्या डाव्या हाताला, दादा उभा राहायचा त्या जागेवर.

वहिनी जवळ आली. "काहून थांबले, भाऊजी? कोनाची वाट पाहून राह्यले?"

विचारलं आणि तिचं तिलाच समजलं. तोंडाला पदर लावून ती तिथेच खाली बसली. आता कोणीतरी द्यायलाच हवा होता, म्हणून मी डोळे मिटून सूर धरला. तो थरथरला असता, चुकला असता, तर मला बरं वाटलं असतं. पण तो पहिल्या फुंकरीत बरोबर लागला. बाकीच्यांनी माझ्याशी जुळवून घेतलं, आणि दादाशिवाय गाणं सुरू झालं.