शेठला गोळी लागत नाही

शहापुरात एसटी स्टँडजवळ एका सिमेंट दुकानदाराच्या मुलाने सायबर कॅफे काढला, तेव्हा मी कॉलेजला होतो. इंटरनेट लहर आली तर यायचं. म्हणून पोरं एकमेकांना जोडलेल्या कंप्यूटरांवर बंदुकांचा गेम खेळायची. हा मालकही खेळायला बसे. वय माझ्याएवढंच, पण सगळे त्याला शेठ म्हणत. खरं तर सोबत मिळावी म्हणूनच त्याने हा खटाटोप केला होता. वडिलांच्या दुकानात बोलायला गोण्यांखेरीज कोणी नव्हतं.

पण खेळायचा भयंकर. डाव सुरू झाला की पहिला मुडदा त्याचा.

"कंप्यूटर आपले, लाइटबिल आपलं, आन् पयला आपणच मरायचं?" तो मला म्हणाला. "तू शिकलाय ना, कायतरी कर."

मागणी रास्त होती. आमच्या गावी, किन्हवलीतही, ज्याची बॅट तो कधी आउट नसे. मी सर्व्हरसाठी, म्हणजे सगळ्यांचा गेम चालवणाऱ्या मुख्य कंप्यूटरसाठी, नियमांची छोटी स्क्रिप्ट लिहिली. गोळी लागली की सर्व्हर स्क्रिप्टला विचारतो: कोणी मारलं, कोणाला मारलं, जीव किती कमी करू? मी लिहिलं, शेठला लागली तर शून्य. बाकी जनतेला कायदा जसाच्या तसा लागू. लोकशाहीत एवढी दुरुस्ती चालते.

सुरुवातीला शेठ राजासारखा फिरला. पोरांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या, सुरे चालवले, आणि मग नाद सोडला. तो समोर आला की गावच्या वळूला देतात तशी वाट देऊ लागले.

मेलेल्यांना डाव संपेपर्यंत काम नसे. ते बाहेरच्या बाकावर चहा पीत, कोण कसा मेला यावर खिदळत बसायचे. शेठ मरतच नव्हता, त्यामुळे आतच अडकलेला. काचेतून बाहेर बघत राहायचा. मला हसू यायचं, आणि वाईटही वाटायचं.

"मारा ना रे कोणीतरी," तो एका दुपारी म्हणाला. कोणी मान वर केली नाही.

"स्क्रिप्ट काढू का?" मी विचारलं.

"नाय, नको. पोरं काय म्हनतील?"

शेठचीही इज्जत असते. मग माझी स्क्रिप्ट फक्त दुसऱ्याचा हल्ला अडवते, उंचावरून पडणाऱ्याला वाचवत नाही, एवढं मी सहज बोलल्यासारखं सांगितलं. तो गेममधल्या सगळ्यात उंच छपरावर चढला आणि उडी मारली.

मग खुर्ची सरकवून बाहेर आला.

"सरका रे," तो बाकाजवळ उभा राहून म्हणाला, "मेलो मी."